डब्यावर सहाशे वॅट, आत दोनशे सोळा

ग्राफिक्स कार्ड घेताना आपण सगळी घासाघीस कार्डावर करतो आणि दुकानदार आपली कमाई एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात, काढतो. लातूरच्या एका दुकानात मला असाच चुना लागला.

उदगीरला लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं माझं काम आहे. लग्नसराईच्या तोंडावर आरटीएक्स 3060 घेतलं. जुना एसएमपीएस पुरणार नव्हता, म्हणून नवाही मागितला. या कार्डाला कंपनी 550 वॅटचा सांगते, हेही दुकानदाराला बोललो. त्यानं रंगीत लाइटचा काळा डबा पुढं केला. "सहाशेचा हाय दादा, हत्ती बी ओढंल." बिल मागितलं तर कार्डाचं पक्कं दिलं, एसएमपीएसचं मात्र चिठ्ठीवर. जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडंल म्हणे.

घरी आल्यावर कटिंग, कलर, सगळं नीट चालायचं. एक्स्पोर्ट लावला की थोड्या वेळात मशीन ठप्प. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, कुणी प्लग उपसल्यासारखं बंद. फोन केला तर म्हणाला, "तुमच्याकडं लाइटच कमी-जास्त होती, त्याला आम्ही काय करावं?" मराठवाड्यात, त्यात उन्हाळ्यात, हे कारण कुणालाही पटतं. शेजाऱ्याचा मोठा यूपीएस आणून त्यावर चालवलं, तरी तेच. मग म्हणाला, कार्डच फॉल्टी असंल, कंपनीकडं पाठवा.

गावातल्या रिपेअरवाल्या पोरानं कार्डाला हातसुद्धा लावला नाही. एसएमपीएस बाहेर काढला, तळहातावर तोलला आणि म्हणाला, "रिकामा वाटतोय ओ हा." 600 च्या स्टिकरचा एक कोपरा उचललेला होता. तो नखानं सोलला तर खाली कंपनीचं मूळ लेबल, त्यावर 450. त्याच लेबलावरच्या बारीक तक्त्यात 12 व्होल्टपुढं 18 ॲम्पिअर लिहिलेले.

खरी गोम त्या तक्त्यात आहे. एसएमपीएस 12, 5 आणि 3.3 अशा वेगवेगळ्या व्होल्टवर वीज देतो आणि तक्त्यात प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. 12 गुणिले 18 म्हणजे 216 वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघांचाही भार याच 12 व्होल्टवर येतो. 3060 एकटं 170 वॅट खातं आणि माझा कोअर आय-5 12400 जोरात चालला की 117 पर्यंत जातो. झाले 287. पंखे, हार्ड डिस्क वेगळंच. बाकीचे वॅट 3.3 आणि 5 व्होल्टवर दाखवून आकडा फुगवलेला, आणि आजच्या मशीनला तिथं फारसं काही लागत नाही. 550 चा चांगला एसएमपीएस 12 व्होल्टवर 45 ॲम्पिअरच्या आसपास देतो. खोकं उघडायच्या आधी हाच आकडा वाचा, नसेल छापलेला तर तो माल घेऊच नका.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. या डब्यात कार्डाला वीज देणारी 8 पिनची वायरच नव्हती. दुकानात दोन मोलेक्सचा, म्हणजे जुन्या 4 पिनच्या प्लगांचा, कन्व्हर्टर जोडून दिला होता, आणि दोन्ही मोलेक्स एकाच वायरच्या लडीवर. 8 पिनमधून कार्ड 150 वॅटपर्यंत, म्हणजे साडेबारा ॲम्पिअर ओढू शकतं. एवढा करंट एका बारीक पिवळ्या वायरीतून जायचा. प्लगचं पांढरं प्लास्टिक त्या वायरीभोवती तपकिरी पडलं होतं आणि पिन ओढली तर प्लास्टिकसकट आली.

डब्यावर '80' लिहिलेला गोल शिक्काही होता, लांबून 80 प्लस या प्रमाणपत्राच्या शिक्क्यासारखा दिसणारा. खरं 80 प्लस असेल तर तो मॉडेल नंबर त्यांच्या यादीत सापडतो, हा नव्हता. तसं 80 प्लस वीज किती वाया जाते तेवढंच सांगतं, पण निदान स्टिकरवर स्टिकर मारलेला माल तरी त्यात कळतो.

चिठ्ठी, सोललेल्या लेबलाचा फोटो आणि दुकानदाराचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवले आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर त्याचा आपणहून फोन आला. बदलून देतो म्हणाला. त्याच कंपनीचा, साडेसातशेचा. मी पैसे परत मागितलेत, अजून आलेले नाहीत.