नवीन घराच्या खिडक्या बसवून घेतल्या, त्याबद्दल

जर्मनीत श्टुटगार्टजवळ आमचं नवीन घर झालं, खिडक्या बसवल्या गावातल्याच एका छोट्या कारागिराने, त्याच्या कामाबद्दल मुद्दाम लिहितेय. कारण तीन काचांची खिडकी सगळेच घेतात, ती भिंतीत बसवणार कशी हे कोणी विचारतच नाही. आधीच्या भाड्याच्या घरात दर हिवाळ्यात खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात काळी बुरशी यायची, पुसून पुसून कंटाळले होते मी.

या माणसाने पहिल्याच भेटीत कागदावर भिंत काढून दाखवली. आमची भिंत साडेसतरा सेंमी, तिला बाहेरून १६ सेंमी इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर. खिडकी भिंतीच्या मधोमध बसवली की फ्रेमच्या बाजूची भिंत उघडी पडते आणि थंडी तिथून सरळ आत, हाच तो थर्मल ब्रिज. म्हणून त्याने खिडकी अगदी बाहेरच्या कडेला आणली आणि इन्सुलेशन फ्रेमवर ४ सेंमी चढवून घेतलं. घरात २० डिग्री आणि ५० टक्के आर्द्रता असली तर पाणी सुटायला कोपरा ९.३ डिग्रीपर्यंत गार व्हावा लागतो, पण बुरशीला १२.६ च्या खाली गेलं तरी पुरतं. म्हणजे ओल दिसायच्या आधीच बुरशी, हे मला तेव्हा कळलं!

आणि ग्रॅनाइट. माझ्या बाबांची फार इच्छा, नाशिकच्या घरासारखा खिडकीला आतून बाहेरपर्यंत एकच अखंड दगड लावायचा. कारागिराने स्पष्ट ‘नाही’ म्हणून सांगितलं, ग्रॅनाइटमधून उष्णता इन्सुलेशनच्या जवळपास ८० पट जास्त जाते. मग आत ग्रॅनाइट, बाहेर वेगळी अॅल्युमिनियमची पट्टी, आणि फ्रेमच्या खाली इन्सुलेशनचा ठोकळा. बाबांना आतला दगड बघून बरं वाटलं.

फटीत नुसता फोम मारून गेला नाही, आतून हवाबंद टेप लावली, बाहेरून पाऊस अडवणारी पण वाफ बाहेर सोडणारी पट्टी. तक्रार एकच, तीन आठवडे उशिरा आला आणि फोन उचलत नव्हता, प्लास्टरवाले खोळंबले, तेव्हा खूप चिडचिड झाली.

जानेवारीत सकाळी बाहेर उणे ६, घरात २१ असताना कोपरे मोजले, सगळीकडे साडेपंधराच्या आसपास, फक्त टेरेसच्या दाराच्या उंबऱ्याशी साडेतेरा. तुमचं काम चालू असेल तर प्लास्टर व्हायच्या आधी चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा, नंतर आत काय आहे ते दिसत नाही.