हॅमॉक तोकडी, ड्राय बॅग फक्कड

ब्राझीलमधल्या तबातिंगाहून मानाउसला जाणाऱ्या बोटीत डेकवर झोपायचं तर हॅमॉक, म्हणजे दोऱ्यांनी टांगायची झोळी, स्वतःचीच लागते. ठाणे स्टेशनजवळच्या ट्रेकिंगच्या दुकानातली हॅमॉक हलकी आहे, पण दोऱ्या तोकड्या आणि गुळगुळीत. गाठ सरकते, मध्यरात्री माणूस डेकवर! जाड सुती दोरीचे 2-2 मीटरचे दोन तुकडे वेगळे घ्याच.

20 लिटरची ड्राय बॅग, म्हणजे सामान कोरडं ठेवणारी पिशवी, मात्र फक्कड. पाऊणच भरा, हवा दाबून काढा, तोंड किमान तीनदा गुंडाळून मग बकल लावा. गच्च भरली की जेमतेम एक घडी बसते आणि पाणी तिथूनच शिरतं. घेण्याआधी दुकानातच हवा भरून, दाबून कानाशी धरा. शिवणीवरची पट्टी सुटली असेल तर बारीक फुसफुस ऐकू येते. पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला याच बॅगेत ठेवा, परतताना मुंबई विमानतळावर लागतो.