वाढीव पाणीयोजना: प्लांटला पैकीच्या पैकी, शेवटच्या नळाला नाही

आमच्याकडची पाणीयोजना वाढवून झाली, नवीन पाणी सुरू होऊन बरेच दिवस झाले म्हणून आता रिव्ह्यू टाकतेय. वस्ती भराभर वाढली आणि शुद्धीकरण केंद्र मात्र जुनंच, त्यामुळे पाणी धड दाबाने यायचं नाही आणि पावसाळ्यात तर सरळ गढूळच. आता केंद्राचं काम खरंच एक नंबर झालंय, अगदी मनापासून सांगते.

लोकांना आत बघायला सोडतात, जरूर जाऊन या. नवीन टाक्या बांधायला जागा नव्हती म्हणून गाळ बसायच्या जुन्याच टाक्यांत ट्यूब सेटलर टाकलेत, म्हणजे ६० अंशात तिरप्या नळ्यांचे गठ्ठे. एरवी गाळाच्या कणाला पार टाकीच्या तळापर्यंत जावं लागतं, इथे नळीत काही सेंटीमीटर खाली आला की टेकतो आणि घसरत खाली जातो, त्यामुळे तेवढ्याच टाकीतून कितीतरी जास्त पाणी निघतं. फिल्टर मात्र त्यांनी ताणले नाहीत, नवीन बेड बांधले, आणि ते बरंच केलं कारण साध्या रॅपिड सँड फिल्टरमधून तासाला एका चौरस मीटरमागे साधारण ५ घनमीटर पाणी काढतात, वाळू न बदलता जास्त ओढलं तर बारीक गाळ खाली उतरायला लागतो.

मला सगळ्यात आवडली ती लॅब. एका रांगेत सहा बीकर, सगळ्यात तेच कच्चं पाणी पण तुरटी प्रत्येकात वेगळी, आधी जोरात ढवळतात मग अगदी हळू, आणि बघता बघता पाण्यात पांढुरके पुंजके धरायला लागतात. ज्या बीकरमध्ये पुंजके छान मोठे होऊन खाली बसले आणि वर पाणी नितळ राहिलं तो डोस त्या दिवशी लावायचा. नदीचं पाणी बदललं की परत टेस्ट. तिथल्या ताईंनी न कंटाळता सगळं समजावून सांगितलं.

अजून एक, शुद्ध पाण्याची टाकीपण मोठी केलीय. बरेच जण इथेच काटकसर करतात, पण पाणी वाढवलं आणि टाकी तेवढीच ठेवली तर क्लोरीनला जंतू मारायला वेळच मिळत नाही, निदान ३० मिनिटं तरी लागतात.

आता घोडं कुठे अडलंय तर गल्लीतल्या पाईपात. मेन लाईन नवीन, आतल्या लाईनी जुन्याच. पंप जोरात सुरू झाले की त्या पाईपांत वर्षानुवर्षं बसलेला गंज आणि गाळ उठतो आणि पहिल्या दोन-तीन बादल्या तांबूस येतात. त्यात पाणी ठराविक वेळेलाच, मग मधल्या वेळात पाईप रिकामे आणि गळक्या जॉइंटमधून बाहेरची घाण आत. आमचं घर लाईनच्या शेवटी. क्लोरीन किटने बघितलं तर केंद्राजवळच्या मैत्रिणीच्या नळाला गडद गुलाबी रंग येतो, आमच्याकडे जेमतेम छटा. नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलाच पाहिजे, कारण वाटेत घाण शिरली तर तेवढाच आधार असतो, लहान मुलं असलेल्या घरांनी करायचं काय?

तक्रार केली तर माणूस आला, नीट बोलला, लाईनच्या टोकाचा वॉशआऊट व्हॉल्व्ह उघडून गाळ काढून दिला आणि तेव्हापासून बराच फरक आहे. पण हे आम्ही मागे लागल्यावर का, ठरवून नियमित करा ना. 

तुमच्याकडे योजना वाढवायची चर्चा चालू असेल तर बैठकीत प्लांटची क्षमता सगळेच विचारतील, तुम्ही अंदाजपत्रकात आतल्या लाईनी धरल्यात का आणि शेवटच्या नळाला दाब किती मिळणार ते विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

सध्या साडेतीन स्टार. आमच्या लाईनी बदलल्या की रेटिंग वाढवते.