उंबऱ्याच्या आत, उंबऱ्याच्या बाहेर : महामारीवरील चार एकांकिका

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे ज्यांनी अंगावर काढली, त्यांतील बहुतेकांना ती पुन्हा तिकीट काढून पाहण्याची हौस नसते, आणि त्यामुळे महामारीवरच्या नाटकाला आज प्रेक्षक मिळवणे हे काम फारसे सोपे राहिलेले नाही. सांगलीतील एका हौशी संस्थेने तरीही हाच विषय घेऊन चार छोट्या एकांकिकांचा, मध्यंतरासह सुमारे दोन तासांचा प्रयोग एका शाळेच्या सभागृहात सादर केला. बँक, शाळा, वीज मंडळ, औषधांचे दुकान अशा ठिकाणची कामे सांभाळून रात्री तालमीला जमणारी ही मंडळी आहेत. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ याच गावी रंगवले आणि तेव्हापासून सांगली नाट्यपंढरी म्हणवून घेते, त्यामुळे येथे हौशी संस्थांना तोटा नाही. पण प्रेक्षकही येथे चोखंदळ आहे आणि ‘हौशी आहेत, चालायचेच’ अशी सवलत तो सहसा देत नाही. या परीक्षणातही ती दिलेली नाही.

चारांपैकी पहिली एकांकिका सर्वांत सरस ठरली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत घरोघरी फिरणारी एक प्राथमिक शिक्षिका आणि एक आशाताई, एवढ्याच दोन मुख्य भूमिका. एकीच्या हातात ताप मोजण्याची बंदूक आणि ऑक्सिमीटर, दुसरीच्या हातात नोंदवही. नेपथ्य म्हणून रंगमंचावर तीन रिकाम्या चौकटी उभ्या आहेत आणि त्यांच्यापुढे गल्ली बंद करण्यासाठी बांधतात तसा एक आडवा बांबू. बाकी काहीही नाही. दिग्दर्शकाने एक साधा नियम पाळला आहे. चौकटीच्या बाहेर उभे असताना प्रत्येक पात्राच्या तोंडावर मास्क असतो आणि चौकटीच्या आत गेले की तो उतरतो. त्यामुळे उंबऱ्यावर ‘घरात सगळे ठणठणीत आहेत’ असे सांगणारे काका आत वळताच खोकू लागतात, सून पदराने तोंड दाबून हुंदका आवरते, आणि हे सारे प्रेक्षकांना दिसते पण बाहेर उभ्या असलेल्या दोघींना दिसत नाही. मास्क घातलेल्या नटाचे काय करायचे, हा महामारीवरच्या प्रत्येक नाटकापुढचा अडचणीचा प्रश्न आहे. चेहरा झाकला की अभिनय डोळ्यांवर येतो आणि मागच्या रांगेला डोळे दिसत नाहीत. या संस्थेने त्या अडचणीलाच गोष्टीचा कणा केले, ही गोष्ट दाद देण्यासारखी आहे.

संवाद सांगली-मिरजेकडच्या बोलीत आहेत आणि ते नकली वाटत नाहीत. ‘मला कुठला खोकला, बाई? तंबाखूचा ठसका हाय त्यो,’ असे काका म्हणतात तेव्हा सभागृह हसते. पुढच्या घरातील म्हातारी बोटावरचे यंत्र निरखत विचारते, ‘किती मार्क पडलं?’ शिक्षिका सवयीने आकडा सांगून टाकते, ‘चौऱ्याण्णव, आजी.’ ‘मग पास की!’ म्हणून म्हातारी खूश होते. या मोहिमेत ९५ च्या खाली आकडा दिसला की त्या माणसाला ताप उपचार केंद्राकडे धाडायचे होते, हे ज्यांना आठवते त्यांचे हसू ओठांवरच थांबते. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी आशाताई न बोलता नोंदवहीतले पान उलटते आणि गाडीसाठी फोन लावते. येथे संगीत नाही, प्रकाश बदलत नाही, शिक्षिका स्तब्ध उभी राहून प्रेक्षकांकडे पाहत नाही. एवढा संयम हौशी रंगभूमीवर क्वचित दिसतो. भूमिका करणाऱ्या बाई स्वतः शिक्षिका असून त्यांनी त्या काळात असे सर्वेक्षण केलेले आहे, असे निवेदनात सांगण्यात आले. ते सांगितले नसते तरी कळले असते, कारण यंत्र पुसण्याची, अंतर राखून हात लांबवण्याची आणि ‘नाव सांगा, वय सांगा’ म्हणण्याची त्यांची लय अभिनयातून शिकता येणारी नव्हती.

आशाताईच्या भूमिकेला मात्र लेखकाने थोडा अन्याय केला आहे. कोरोनाच्या जादा कामासाठी आशांना केंद्राकडून दरमहा १,००० रुपये मिळत होते आणि जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभरातील आशा संपावर गेल्या. त्या रकमेचा उल्लेख संहितेत एकदाच, तोही विनोदासाठी येतो आणि विरून जातो. दोघींच्या पगारातली दरी हा या एकांकिकेतला दुसरा विषय होऊ शकला असता. शिक्षिकेला दारात पाणी विचारले जाते आणि आशाताईला विचारले जात नाही, हा एक लहानसा प्रसंग त्या दिशेने जातो, पण लेखकाने तो तेवढ्यावरच सोडून दिला आहे.

दुसऱ्या एकांकिकेबद्दल लिहिताना हात आखडतो, कारण तिचा विषय जिव्हाळ्याचा आहे. स्वतः बाधित होऊन खोलीत बंद असलेला मुलगा वडिलांचे अंत्यसंस्कार मोबाइलच्या पडद्यावर पाहतो. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती, आणि कित्येकांना तेवढेही भाग्य लाभले नाही; असे घर सभागृहात नसेल, ही शक्यता कमीच. पण विषय हृदय पिळवटणारा असला म्हणून नाटक आपोआप उभे राहत नाही. संपूर्ण एकांकिका फोनवरच्या स्वगतासारखी चालते, आणि फोनवरचे स्वगत ही टाळेबंदीच्या काळातील लेखनाची इतकी झिजलेली वाट आहे की पुढचे वाक्य प्रेक्षक आधीच ओळखतो. पार्श्वसंगीतात रुग्णवाहिकेचा भोंगा, मग सारंगी, मग पुन्हा भोंगा. नटाचा आवाज चांगला आहे, पण त्याला रडण्याच्या चार पायऱ्या दिलेल्या आहेत आणि तो त्या एकापाठोपाठ एक चढतो. एका ठिकाणी नेटवर्क अडखळते, गुरुजींचे मंत्र तुटक येतात आणि पलीकडून आई, दुःखाच्या भरातही, ‘अरे, दिसतंय का तुला? फोन जरा वर धरू का?’ असे विचारते. त्या एका वाक्यात जे आहे ते उरलेल्या वीस मिनिटांत नाही. दिग्दर्शकाने त्याच्या आसपासची निम्मी संहिता धैर्याने कापावी, असे सुचवावेसे वाटते.

मध्यंतरापूर्वीचा छोटा प्रवेश जवळजवळ निःशब्द आहे आणि त्याची लांबी त्याला शोभणारी आहे. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला, म्हणजे नेमकी मराठी रंगभूमीदिनी, निम्म्या आसनक्षमतेने उघडण्यास परवानगी मिळाली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडली. या काळात हातगाडीवर भाजी विकणारा एक रंगमंच कामगार येथे दाखवला आहे, जो गिऱ्हाईक आले की सवयीने तागडीवर वजनाने तीन ठोके देतो. नाट्यगृहातील तिसऱ्या घंटेशी त्याचे नाते प्रेक्षकांना लगेच कळते आणि प्रवेश त्यापुढे ताणलेला नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या पडद्यामागच्या माणसांविषयी आपल्याकडे भाषणे पुष्कळ झाली. त्यांना रंगमंचावर आणणारे थोडे.

मध्यंतरानंतरची एकांकिका सर्वांत महत्त्वाकांक्षी आहे आणि ती फक्त सांगलीतच लिहिली जाऊ शकते. २०१९ च्या महापुराची ओल भिंतींतून जाण्यापूर्वीच महामारी आली, आणि ती ओसरण्यापूर्वी जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा पात्राबाहेर आली. त्या वेळी जिल्ह्यात बाधितांचे प्रमाण राज्यातील अनेक भागांपेक्षा जास्त होते. शाळेच्या एका वर्गात पूरग्रस्तांचा निवारा आहे, आणि गृहविलगीकरणात असलेल्या एका तरुणाला बोटीतून तेथे आणले जाते. त्याला कोठे ठेवायचे, यावरून चाळीस वर्षांचा शेजार एका खडूच्या रेघेशी येऊन थांबतो. ध्वनिक्षेपकावरून आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी अधूनमधून सांगितली जाते. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट हे येथील पोरासोरांनाही पाठ असते, त्यामुळे प्रत्येक आकड्यासरशी प्रेक्षकांतही चुळबुळ होत होती. पात्रे मात्र त्या आकड्यांना फारशी भीत नाहीत, कारण पूर त्यांच्या ओळखीचा आहे. ‘पाणी कुठवर येतंय ते भिंतीवरच्या खुणा बघून कळतंय, ह्या रोगाची खूण कुठं बघायची?’ हे एका म्हाताऱ्या नाभिकाच्या तोंडचे वाक्य साऱ्या प्रयोगाचे बीज आहे, आणि ते काम करणाऱ्या ज्येष्ठ नटाने ते टाळीसाठी न थांबता, वस्तऱ्याची पेटी कोरडी करता करता उच्चारले.

इतके जमून आल्यावर शेवटी लेखकाचा धीर सुटावा, याचे वाईट वाटते. अखेरच्या पाच मिनिटांत एक डॉक्टर प्रवेश करतात, माणुसकीवर लांबलचक बोलतात, सर्व पात्रे मेणबत्त्या घेऊन अर्धवर्तुळात उभी राहतात आणि प्रार्थना सुरू होते. खडूची रेघ कोणी पुसली, की पुराच्या पाण्यानेच ती पुसली गेली, हा प्रश्न तसाच राहतो, आणि खरे नाटक तर त्याच प्रश्नात होते. मागच्या वर्षी जेवणाचे डबे पोहोचवणारी शेजारीणच रेघ सर्वांत आधी मागते. तिला शेवटी एकही वाक्य नाही, हे अधिकच खटकते.

तांत्रिक बाजूंविषयी थोडक्यात. प्रकाशयोजना मोजक्या साधनांत नेटकी आहे. पुराच्या एकांकिकेत छतावर हलणारी पाण्याची तिरीप विशेष जमली आहे. ब्लॅकआउट मात्र फार लांबतात आणि सामान हलवण्याचे आवाज स्पष्ट ऐकू येतात. पहिल्या एकांकिकेत मास्कमधून येणारे संवाद मधल्या रांगांपर्यंत अर्धेच पोहोचत होते. रंगमंचाच्या कडेला दोन माइक ठेवून हा दोष सहज दूर होईल. सभागृहातील पंख्यांची घरघर हा संस्थेचा अपराध नव्हे, तरी पुढील प्रयोगासाठी जागा निवडताना तिचा विचार व्हावा. शक्यतो पुढच्या चार-पाच रांगांत बसावे. निवेदिकेने प्रत्येक एकांकिकेपूर्वी तिचा आशय सांगण्याची प्रथा तर ताबडतोब बंद करावी. पुढे काय दिसणार हे आधीच सांगितल्याने प्रेक्षकांचा रस कमी होतो.

१०० रुपयांच्या तिकिटात पहिली आणि चौथी एकांकिका पाहायला मिळते, एवढे कारण जाण्यास पुरेसे आहे. लहान मुलांना नेण्यास हरकत नाही, मात्र त्या काळात घरातील माणूस गमावलेल्यांना दुसऱ्या एकांकिकेची कल्पना आधी द्यावी. संस्थेचा विचार हे प्रयोग मिरज, तासगाव आणि कोल्हापूर येथे नेण्याचा आहे, असे प्रयोगानंतर कळले. तेथे जाण्यापूर्वी चौथ्या एकांकिकेचा शेवट नव्याने लिहिला गेला, आणि सर्वेक्षणाच्या एकांकिकेत आशाताईला तिच्या वाट्याची जागा मिळाली, तर या दोन संहिता एकांकिका स्पर्धांतही चांगली टक्कर देतील.