'ग्रीन हॉस्पिटल'मधले नऊ दिवस: ५ पैकी ३ स्टार (खाली अपडेट आहे)

रिव्ह्यू लांबलाय, आधीच सांगतो. ज्यांना फक्त डॉक्टर कसे आहेत एवढंच बघायचंय त्यांच्यासाठी: डॉक्टर चांगले, सिस्टर त्याहून चांगल्या, आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून व्हायचं होतं ते ऐनवेळी ओपन करावं लागलं म्हणून दोन दिवसांचे नऊ झाले, आई आता ठणठणीत आहे. ट्रीटमेंटला पाच पैकी पाच. पण हा रिव्ह्यू ट्रीटमेंटचा नाहीच, हा आहे लॉबीतल्या त्या भल्यामोठ्या पाटीचा जिच्यावर 'आम्ही पर्यावरणस्नेही हॉस्पिटल आहोत' असं लिहिलंय आणि जिच्यामागे अख्खी भिंतभर झाडं लावलीयेत. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण यातलं निम्मं तरी कुठल्याही हॉस्पिटलला लागू पडेल.

माझं काम मोठ्या बिल्डिंगांच्या एसी प्लांटच्या मेंटेनन्सचं. रात्री पेशंटशेजारी बसून झोप येत नाही तेव्हा बाकीचे मोबाईल बघतात, मी डक्टचा, म्हणजे एसीची हवा नेणाऱ्या नळीचा, आवाज ऐकत बसतो. सवय वाईट आहे पण त्यामुळेच हे सगळं दिसलं.

सुरुवात त्या झाडांच्या भिंतीपासूनच करू. दिसते सुंदर, फोटो मीपण काढला. पण आईच्या खोलीची खिडकी? ती उघडत नाही, आणि तिच्यातून दिसतं काय तर समोरच्या विंगचा पत्रा आणि एसीची आउटडोअर युनिटं. १९८४ साली रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलचे जुने रेकॉर्ड काढून बघितले होते, आणि योगायोग म्हणजे ते पेशंटसुद्धा पित्ताशयाच्या ऑपरेशनचेच होते. २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले साधारण पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना दुखणं थांबवायची स्ट्राँग औषधंही कमी लागली. अभ्यास लहान आहे, मान्य. पण मला एवढंच म्हणायचंय की झाडं जिथे पाहुणे दहा मिनिटं उभे राहतात तिथे लावली आणि जिथे माणूस नऊ दिवस आडवा पडून असतो तिथे पत्रा, हे ठरवलं कोणी? माळ्याने नक्कीच नाही, हे नकाशा काढतानाच ठरलं.

आता कौतुक करतो, म्हणजे नुसता किरकिऱ्या आहे असं वाटायला नको. तिसऱ्या मजल्यावर डायलिसिस युनिट आहे. एका डायलिसिसला मशीनमधून मिनिटाला साधारण अर्धा लिटर असं चार तास पाणी जातं, म्हणजे एका पेशंटमागे १२० लिटर, आणि ते शुद्ध पाणी बनवताना आरओ प्लांट जे पाणी बाजूला टाकतो ते वेगळंच. हे बाजूला टाकलेलं पाणी पेशंटला शिवलेलंसुद्धा नसतं, थोडं खारट असतं एवढंच, आणि बहुतेक ठिकाणी सरळ गटारात जातं. इथे ते एका टाकीत साठवून सगळ्या मजल्यांच्या फ्लशला दिलंय! मला राहवलं नाही, मेंटेनन्सच्या सुपरवायझर साहेबांना शोधून काढलं आणि विचारलं की हे कसं काय जमवलं. ते म्हणाले बिल्डिंग बांधतानाच फ्लशची पाइपलाइन वेगळी टाकली होती म्हणून जमलं, नाहीतर आज प्रत्येक बाथरूमच्या टाइल्स फोडाव्या लागल्या असत्या आणि कोणी फोडल्या नसत्या. एका वाक्यात माणूस सगळं प्लॅनिंग शिकवून गेला. एक स्टार फक्त या पाइपला. आणि गंमत बघा, याची पाटी कुठेही नाही.

सुपरवायझर साहेबांशी ओळख झाल्यावर मग काय, रोज रात्री चहा आणि गप्पा. आईला वाटायचं मी बिलाची चौकशी करायला जातो.

तर रविवारी रात्री मला ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, बाजूचा ब्लोअर (हवा ढकलणारा मोठा पंखा) फुल स्पीडला ऐकू येत होता. चार ओटी, एक इमर्जन्सीसाठी तयार ठेवलेली, बाकी तीन शनिवारी दुपारपासून कुलूपबंद. तरी चारही ठिकाणी हवा तशीच धो धो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओटीतली हवा तासाला २० वेळा वगैरे बदलावी लागते, गाळून, थंड करून, ओलावा काढून, म्हणूनच हॉस्पिटलात ओटीचा भाग बाकी बिल्डिंगच्या तुलनेत दर चौरस फुटाला तीन ते सहा पट वीज खातो. ऑपरेशन चालू असताना यात काटकसर करायची नाही, विषयच नाही. पण रिकाम्या ओटीत काय करायचं? तिथे फक्त आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवायचा म्हणजे कॉरिडॉरची धूळ आत येणार नाही, त्याला एवढी हवा लागतच नाही. आणि पंख्याचं गणित असं आहे की स्पीड निम्मा केला की लागणारी पॉवर निम्मी नाही होत, एक अष्टमांश होते! प्रत्यक्षात मोटर, फिल्टर वगैरे धरून तेवढी नाही उतरत पण तरी चिकार उतरते. पंख्याचा स्पीड कमी-जास्त करणारे ड्राइव्ह बसवलेले आहेत, टायमर आहे, एक रुपयाचंही सामान आणायचं नाही. मग चालू का? तर म्हणे इन्फेक्शन कंट्रोल कमिटीने लेखी दिल्याशिवाय हात लावता येत नाही, कमिटी म्हणते इंजिनियरिंगने प्रस्ताव द्यावा, इंजिनियरिंग म्हणतं सर्जन लोक चिडतील, सर्जनना कोणी विचारलंच नाहीये. चार वर्षं झाली! छतावर सोलर पॅनल मात्र आहेत आणि त्यांचा आकडा लॉबीतल्या स्क्रीनवर दिवसभर फिरतो. वर कमवायचं आणि खाली रिकाम्या खोलीत उडवायचं, घरात असं केलं तर आई काय म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही.

गॅसचा विषय त्याहून भारी. भूल द्यायला जे गॅस वापरतात ते पेशंटच्या शरीरात फारसे बदलत नाहीत, श्वासातून बाहेर येतात आणि पाइपने सरळ गच्चीवरून आकाशात. त्यातला डेसफ्लुरेन नावाचा प्रकार कार्बन डायऑक्साइडच्या २५०० पट तापवणारा आहे, आणि त्याच कामाचा सेवोफ्लुरेन त्याच्या पासंगालाही पुरत नाही, सव्वाशे-दीडशे पट. स्कॉटलंडने २०२३ मध्ये डेसफ्लुरेन बंद केला, युरोपियन युनियनमध्ये २०२६ पासून खास वैद्यकीय गरज असेल तरच वापरता येतो. इथल्या भूलतज्ज्ञ मॅडमना मी ऑपरेशनच्या आधी भीत भीत विचारलं (त्यांना वाटलं मी रिअॅक्शनबद्दल विचारतोय), त्या हसून म्हणाल्या डेसफ्लुरेन आम्ही कधीच सोडला, बऱ्याच केस तर आता शिरेतूनच भूल देऊन करतो. टाळ्या. पण नायट्रस ऑक्साइडची (हाही भुलीसाठीचाच गॅस) सेंट्रल पाइपलाइन अजून चालू आहे, भिंतीभिंतीतून. हा गॅस साधारण २७० पट तापवतो आणि वातावरणात शंभर वर्षांच्या वर टिकतो. स्कॉटलंडमधल्या हॉस्पिटलांनी विकत घेतलेला गॅस आणि पेशंटला खरंच दिलेला गॅस यांचा ताळा करून पाहिला तेव्हा कळलं की बहुतेक गॅस पेशंटपर्यंत पोचतच नव्हता, जोडांतून आणि व्हॉल्व्हमधून गळत होता. उपाय काय, तर सेंट्रल लाइन बंद करा आणि मशीनला छोटा सिलिंडर लावा. मी सुपरवायझर साहेबांना म्हटलं तुम्ही ताळा केलाय का? म्हणाले सिलिंडर स्टोअर मागवतं, वापर ओटी लिहितं, दोन्ही रजिस्टरं आजवर एका टेबलावर आलीच नाहीत.

कचऱ्याकडे येतो. डब्यांना रंग आहेत, वर चित्रं आहेत, भिंतीवर चार्ट आहे, सगळं नियमाने. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हॉस्पिटलच्या कचऱ्यातला ८५ टक्के तर साधाच असतो, घरच्यासारखा, आणि धोक्याचा फक्त १५ टक्के. पण आमच्या वॉर्डात ड्रेसिंगच्या ट्रॉलीला डबा एकच, इन्फेक्शनवाला. साधा डबा कुठे तर दाराबाहेर, वीस पावलं. आता सिस्टरच्या एका हातात गॉज, दुसऱ्यात चिमटा, बाजूच्या बेडवरून हाका चालू, ती सिरिंजचं रिकामं वेष्टण टाकायला वीस पावलं जाईल का? वेष्टण, पुठ्ठा, टिशू सगळं इन्फेक्शनच्या डब्यात, आणि एकदा त्यात पडलं की ते इन्फेक्शनचंच. मग ते ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा) नाहीतर जाळा, आणि त्यात पीव्हीसीची नळी गेली की जाळताना डायऑक्सिन हे विषारी रसायन. वॉर्डातल्या मावशींना मी विचारलं की ट्रेनिंग होतं का, त्या म्हणाल्या, "दर सहा महिन्यांनी होतं की, सर्टिफिकेट पण देतात. डबा देत नाहीत." यावर मी काय बोलणार.

ग्लोव्हजचंही तेच. गोळी द्यायला ग्लोव्हज, चादर सरळ करायला ग्लोव्हज, फाइल उचलायला ग्लोव्हज. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलने २०१८ मध्ये नर्स लोकांना एवढंच समजावलं की ग्लोव्हज कधी खरंच लागतात आणि कधी नुसते हात धुणं जास्त चांगलं, तर वर्षात २१ टन प्लॅस्टिक वाचलं. तिथे कोणी नवीन मशीन आणलं नव्हतं हो.

आणि आता ज्यासाठी मी स्टार कापलेत ती गोष्ट. लॉबीत पाटीशेजारी फ्रेम करून 'आमचे हरित धोरण' लावलंय, मी तीनदा वाचलं (नऊ दिवसांत दुसरं वाचायला होतं काय). आम्ही कटिबद्ध आहोत, आम्ही प्रयत्नशील आहोत, आम्ही जागरूक आहोत. एकही आकडा नाही, एकही तारीख नाही, खाली सही नाही. इंग्लंडच्या एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, काय केलं बघा: स्वतःच्या ताब्यातलं कार्बन उत्सर्जन २०४० पर्यंत नेट झिरो (जेवढं सोडायचं तेवढंच परत शोषून हिशोब शून्य), पुरवठादारांसकट सगळं २०४५ पर्यंत, आणि २०२२ मध्ये हे कायद्यात घातलं. ते जमेल की नाही हा वेगळा वाद, पण निदान उद्या कोणी तारखेवर बोट ठेवून विचारू तरी शकतं. 'प्रयत्नशील'वर बोट कुठे ठेवणार?

शिवाय त्या फ्रेममध्ये खरेदीचा शब्दच नाही. २०१९ च्या हेल्थ केअर विदाउट हार्म ही संस्था आणि अरुप ही इंजिनियरिंग कंपनी यांच्या अहवालात जगभरच्या आरोग्यसेवेचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या ४.४ टक्के काढलाय, देश असता तर पाचव्या नंबरचा, आणि त्यातला ७१ टक्के भाग पुरवठ्याच्या साखळीतून येतो, म्हणजे औषधं, उपकरणं, कपडे, डिस्पोजेबल सामान. मी एसीवाला असून सांगतो, माझा एसी त्या मानाने लहान पोरगं आहे. आईच्या एका ड्रेसिंगसाठी जो तयार पॅक फोडायचे त्यातल्या दोन वस्तू वापरायच्या आणि बाकीच्या, प्लॅस्टिकच्या वाटीसकट, डब्यात. रोज! पॅकमध्ये काय असावं हे स्टोअरच्या ऑर्डरमध्ये ठरतं, तिथे बघतात फक्त रेट. कापडी सर्जिकल गाऊन पन्नास-साठ वेळा धुवून वापरता येतात पण ऑर्डरमध्ये एका नगाचा रेट दिसतो, साठ वेळांचा हिशोब दिसत नाही, म्हणून डिस्पोजेबल स्वस्त ठरतो. स्टोअरवाले वाईट आहेत असं नाही, त्यांना कोणी वेगळं विचारलंच नाही तर ते बिचारे तरी काय करणार.

आम्हाला मात्र खोलीत स्टिकर होता, 'कृपया लाइट बंद करून पृथ्वी वाचवा'. केला बंद. दहा वॅटचा एलईडी.

तर हिशोब: पाण्याच्या पाइपला एक, भूलतज्ज्ञ मॅडमना एक, आणि मावशी, सिस्टर आणि सुपरवायझर साहेब यांना मिळून एक, कारण काय करायला हवं हे त्या तिघांनाही माहीत आहे. फ्रेमला शून्य.

अपडेट: सहा आठवड्यांनी आईला परत दाखवायला गेलो (दोन मिनिटं टाके बघितले, हे व्हिडिओ कॉलवर झालं असतं, जाऊ दे). रविवारचा इमर्जन्सीवाला दिवस होता. पार्किंगमध्ये गाडी लावली आणि कान टवकारले, ओटीचा ब्लोअर हळू! पळत सुपरवायझर साहेबांकडे गेलो. म्हणाले नवीन मेडिकल डायरेक्टर मॅडमनी सगळ्यांना एका खोलीत बसवलं, चाळीस मिनिटांत चार सह्या झाल्या, इमर्जन्सीची ओटी सोडून बाकी तिन्ही आता रात्री आणि रविवारी निम्म्या स्पीडवर, दाब रोज रजिस्टरमध्ये लिहितात, इन्फेक्शनच्या सिस्टर स्वतः येऊन बघतात. अर्धा स्टार वाढवतोय, साडेतीन धरा. नायट्रसची दोन रजिस्टरं एका टेबलावर आली का विचारलं तर म्हणाले त्याला अजून एक मीटिंग लागेल, आणि ट्रॉलीला दुसरा डबा आलाय पण त्याला अजून झाकण नाही.