जुन्या कोब्यावर नवी फरशी : आठ महिन्यांनंतर

अंगणातला जुना कोबा न फोडता त्यावरच फरशी बसवून घेतली, त्याला आठ महिने झाले. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक केलं असतं.

कोबा टणक होता आणि राडारोडा उपसायचा कंटाळा, म्हणून फोडला नाही. हातोडीने ठोकत सगळं अंगण तपासलं, पोकळ वाजलं तेवढं काढून भरलं. शेवाळ, तेलाचे डाग घासून काढले, गुळगुळीत जागा छिन्नीने खरबरीत केल्या. यात दोन दिवस गेले आणि गवंडी 'एवढं कशाला' म्हणत राहिला. पण आजवर एकही फरशी सुटलेली नाही, ती त्यामुळेच. ॲडहेसिव्हही दातेरी थापीने सगळीकडे पसरायला लावलं. चार कोपऱ्यांत नि मध्ये गोळे ठेवून फरशी दाबली की खाली पोकळी राहते, पाणी शिरतं, आणि जड काही पडलं की नेमकं तिथेच तडकतं.

उंचीत मात्र फसलो. फरशी 20 मिमी, खाली ॲडहेसिव्ह; अंगण जवळजवळ 3 सेंमी वर आलं. बाहेर उघडणारं जाळीचं दार घासू लागलं, खालून तासावं लागलं. सांडपाण्याची जाळी खड्ड्यात गेली, तीही उचलून बसवली. जोत्यातला ओल रोखणारा थर फरशीच्या 15 सेंमी वर राहतो ना, एवढं तरी आधी मोजलं होतं!

उताराचंही तसंच. मीटरला सव्वा सेंटीमीटर उतार पुरतो, पण एका कोपऱ्यात कोबा खचलेला होता. तो आधी भरून सारखा करायचा सोडून ॲडहेसिव्ह जाड थापलं. तिथे अजून डबकं साचतं.

सगळ्यात महागात पडली ती कोब्यातली आडवी भेग. सिमेंट भरून वर फरशी घातली नि विसरलो. सहाव्या महिन्यात बरोबर त्याच रेषेत दोन फरश्या चिरल्या. भेगेच्या दोन्हीकडचा कोबा ऊन-गारव्याने वेगवेगळा हलतो, वरची कडक फरशी ते कुठवर सोसणार? तिथे फरशीचा सांधा भेगेवरच आणून त्यात लवचीक सीलंट भरायला हवं होतं. आता त्या दोन फरश्या काढायच्या, तर ॲडहेसिव्ह सोडेना! शेवटी तुकडे तुकडे करून काढल्या, नव्या फरश्या भेगेच्या रेषेत कापून बसवल्या, फटीत सीलंट भरलं. दिसायला ठिगळच आहे, पण दोन महिने झाले, चिरलेलं नाही.