मुरूडच्या स्टँडवर ‘फेरी बंद आहे’ म्हणणारा माणूस

जानेवारीत मी आणि आई श्रीवर्धनला निघालो होतो. तिचं आजोळ तिथलं, आणि ‘बाळाजी विश्वनाथांचं गाव’ हे ती न विचारता कुणालाही सांगते. मुद्दाम गाडी नेली नाही. गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग, पुढे एसटीने रेवदंडा, कोर्लई, काशीद करत मुरूड. आई पंचाहत्तरच्या वरची, त्यामुळे एसटीत तिला तिकीटच नाही, आणि २०२३पासून आम्हा बायकांना अर्धं. तेव्हा प्रवास जवळजवळ फुकटात पडणार, या आनंदात मी होते.

मांडव्याला उतरताच एकजण ‘बस भरली, विक्रम रिक्षाने चला’ म्हणत मागे लागला. लाँचच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते हे मला ठाऊक होतं. त्याला झटकलं आणि बसमध्ये आईला म्हटलं, ‘बघ, माहिती असली की कुणी गंडवत नाही.’ हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

मुरूडला मुक्काम करून जंजिरा पाहिला. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून फेरीने खाडीपलीकडे दिघी आणि पुढे श्रीवर्धन असा बेत. (गाड्या वाहून नेणाऱ्या या फेरीबोटीला सगळे ‘जंगल जेटी’ का म्हणतात, कोण जाणे. तिथे जंगल नाही.) सकाळी स्टँडवर खाकी शर्ट घातलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा असलेला एक मध्यमवयीन माणूस आला. मला तो एसटीचाच वाटला. ‘ताई, दिघीला ना? फेरी बंद हाय कालपासून.’ पुरावा म्हणून मोबाईलवर फोटो दाखवला: जेटीवरचा फळा, त्यावर खडूने ‘फेरी सेवा बंद’. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘आता तळा-म्हसळा करत खाडीला वळसा. आजींना घेऊन एसट्या बदलत कुठं बसताय? इको हाय आपली, ४,२०० द्या.’

२,००० स्कॅन करून दिले. नाव भलतंच आलं. ‘मेव्हण्याचं खातं हाय,’ म्हणाला. मी मान डोलावली! आईची बॅग त्याने स्वतः उचलून डिकीत ठेवली, आणि गाडी चालवायला एक पोरगा दिला.

पंधरा-वीस मिनिटांत गाडी थांबली. समोर आगरदांड्याची जेटी, आणि तिला लागलेली फेरी. स्कूटर, टेम्पो, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, सगळे बिनघोर चढत होते. पोरगा म्हणाला, ‘नशीब तुमचं, आत्ताच चालू झाली वाटतं.’ मी शेजारच्या बाईला विचारलं, काल बंद होती का? तिने माझ्याकडे असं बघितलं, की उत्तराची गरज उरली नाही.

म्हणजे वळशाचं भाडं घेऊन त्याने आम्हाला त्याच फेरीने नेलं, जिचं तिकीट माणशी किरकोळ आहे. पैसे परत मागितले तर ‘शेटशी बोला’. शेटचा फोन लागेना. दिघीला उतरल्यावर उरलेले २,२०० दिल्याशिवाय डिकी उघडेना. आईची औषधं बॅगेत होती. दिले.

रात्री तो फोटो पुन्हा बघितला. खात्रीसाठी मीच मागून घेतला होता. मोठा करून पाहिल्यावर दिसलं, फळ्याखालची फरशी ओली आहे आणि कडेला कुणाच्या तरी हातात उघडी छत्री आहे. जानेवारीत! समुद्र खवळला की फेरी बंद ठेवतात, तो पावसाळ्यातला फळा होता. फळा खरा होता, दिवस खोटा होता.

तुम्ही जाणार असाल तर असं कुणी भेटल्यावर स्टँडच्या चौकशी खिडकीत विचारा. तरी शंका राहिली तर रिक्षा करून सरळ जेटीवर जा. जवळच आहे, बोट चालू आहे की नाही ते डोळ्यांनीच दिसतं. ज्याच्या तोंडून बातमी आली त्याच्याच गाडीत बसायचं नाही. फोटोतली तारीख आणि हवा बघा. स्कॅन केल्यावर भलतं नाव आलं तर तिथेच हात आखडा. आणि सामान मांडीवर ठेवा, डिकीत नाही.

परतताना फेरीनेच आलो. मुरूडच्या स्टँडवर तोच खाकी शर्ट एका जोडप्याला मोबाईल दाखवत उभा होता. माझे पाय अडखळले, काय बोलावं सुचेना. आई मात्र काठी टेकत थेट त्या मुलीशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, ‘दिघीला निघालात होय? फेरी चालू आहे हो, आत्ताच उतरलो आम्ही.’

त्याने मोबाईल खिशात घातला आणि पानाच्या टपरीकडे निघून गेला.